अकरावा शब्द

पत्र येऊन नऊ दिवस झाले होते. येळवंड्यांच्या घरात ते निदान वीस वेळा वाचून झालं होतं, तरी येणारा पाहुणा नक्की कोण, याचा उलगडा व्हायला तयार नव्हता.

पत्र पुण्याच्या एका साहित्य मंडळाचं होतं. मंडळाचे चिटणीस नानासाहेब यांनी ते इंग्रजीत का धाडलं, हे त्यांनाच ठाऊक. धाकटा बन्सी पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात लागल्यापासून घरातल्या इंग्रजीचा मक्ता त्याच्याकडे होता. त्यानं पहिल्याच वाचनात सांगून टाकलं, “वेस्ट इंडीजचा रायटर येतोय. आपल्या शाळेत सत्कार करायचाय त्याचा.”

रायटर हा शब्द गावाला चांगला माहीत होता. चाकणच्या चौकीत फिर्याद लिहून घेतो तो रायटर हवालदार. सात समुद्रांपलीकडचा हवालदार इथं कशाला आणि त्याला नारळ कशाबद्दल, हे कुणाला कळेना. हा बुकं लिहिणारा रायटर आहे, असं बन्सीनं सुधारून सांगेपर्यंत बातमी गावभर झाली होती. शाळेच्या ज्योतीराम मास्तरांनी तर ‘रायटरसाहेबांचे स्वागत असो’ असं कापडही रंगवून टाकलं होतं. कापड वाया जाऊ नये म्हणून ते तसंच राहिलं.

वेस्ट इंडीजची तीच गत. तरण्या पोरांनी क्रिकेटवाला धरला. थोरल्या बबनरावांनी शब्दाचा सरळ अर्थ लावला, “वेस्ट म्हंजी पश्चिम. पश्चिम हिंदुस्थान. सुरतेकडचा असंल.”

पण खरी गाठ पत्राच्या शेवटी होती. पाहुण्याचं नाव सॅम्युएल भिमाजी. जन्म १९१७, ट्रिनिदाद बेट. वडील भिमाजी येळवंडे, तालुका खेड, जिल्हा पुणे. बापाचं नाव तिथल्या कुणा कारकुनानं आडनाव करून टाकलं होतं.

भिमाजी म्हणजे बबनरावांच्या वडिलांचा, उद्धवरावांचा, सख्खा थोरला भाऊ. लग्नाला वर्ष होतंय तोच मुंबईच्या गोदीत काम धरतो म्हणून गेला, तो गेलाच. घरानं बारा वर्षं वाट पाहिली आणि मग शास्त्रात सांगितल्याप्रमाणे दर्भाचा माणूस करून इंद्रायणीच्या काठावर जाळला. अग्नी उद्धवरावांनी दिला. त्याच दिवशी भिमाजीच्या बायकोच्या बांगड्या फुटल्या. तानाबाई तेव्हा पंचवीस वर्षांची होती. आता पासष्टची होती आणि आत चुलीपाशी भाकरी थापत होती. रायटर येणार आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

“वैनीला उद्या हितं ठेवायची न्हाई,” उद्धवराव खळ्यातल्या कांद्याच्या राशीकडे बघत म्हणाले. “बन्सीच्या खोलीवर धाडा, आकुर्डीला. सत्कार आवरला की आना.”

“काय सांगून धाडायची?” बबनरावांनी विचारलं.

“बन्सीच्या बायकूला दिवस गेल्यात म्हनावं. सोबत पायजे.”

“आबा, तिला दिवस न्हाईत,” बन्सी म्हणाला.

“जातील की!”

बन्सीला हसावं की रागवावं कळेना. त्यानं कंपनीत सुट्टी टाकली होती ती पाहुण्याशी इंग्रजी बोलायला. आता वडील त्याला नाशिक फाट्यावर उभं राहून म्हातारीला एस्टीतून उतरवून घ्यायचं काम देत होते. बबनराव भावाच्या बाजूनं एक शब्द बोलतील असं त्याला वाटलं होतं. पण बबनराव वडिलांकडे झुकलेले होते आणि त्यांचं कारण वेगळं होतं. चुलत्याचा पोरगा आपणहून गावात येतोय म्हणजे जमिनीत हिस्सा मागायला येतोय, अशी त्यांची खात्री होती. तो येईल, नारळ घेईल आणि जाईल, मधे कुणी रडारड करून त्याचं नातं घट्ट करू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

“मामंजी,” दारातून बबनरावांची बायको शालनबाई म्हणाली, “आत्याबाईंना ठावं पडल्यावर त्या काय म्हनतील?”

“ठावं पडायचं काय काम हाय?” उद्धवराव एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “चाळीस वरसं त्या मानसाला पानी पाजतोय मी. दर पितरात. माज्या हातानं. आता त्यो जित्ता व्हता म्हनून सांगू का तिला?”

आतून भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि तो मधेच थांबला आहे असं शालनबाईला वाटलं. कान देऊन ऐकलं तर परत सुरू झाला होता.

*

चाकणच्या स्टँडपर्यंत कोसभर चालायचं होतं. सकाळचं कोवळं ऊन होतं, माघातला गारठा अजून हटला नव्हता. तानाबाई पुढे आणि गाठोडं घेतलेली शालनबाई मागे. म्हातारीचं चालणं असं होतं की सुनेला धाप लागायची.

“कितवा लागलाय म्हनं?” तानाबाईनं मागं न बघता विचारलं.

“काय?”

“बन्सीच्या बायकूला. कितवा म्हयना?”

शालनबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. सासरी वीस-बावीस वर्षं काढलेल्या बाईला ते येतंच. पण याच बाईनं तिची तीन बाळंतपणं काढली होती. बारशाला पाळण्याला हात न लावता लांब कोपऱ्यात बसून राहणारी, आणि बाया घरी गेल्या की रात्रभर पोर मांडीवर घेऊन बसणारी. तिच्यापुढं जीभ वळेना.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “कुनाला दिवसबिवस गेले न्हाईत. तुमाला गावाभाईर काढलंय.”

तानाबाई थांबली. “का गं? काय केलं म्या?”

“त्यो रायटर येतोय न्हवं... त्यो आपल्या घरचा हाय. तुमच्या मालकांचा ल्योक हाय.”

“कंच्या मालकांचा?”

“तुमच्या.”

तानाबाईनं सुनेकडे असं बघितलं की शालनबाईला वाटलं, आपण काही तरी भलतंच बोललो. रस्त्याकडेला बाभळीखाली मैलाचा दगड होता, त्यावर म्हातारी बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“त्ये तर गोदीत गेलं आसं सगळी म्हनली,” ती म्हणाली. “पलेगात गेलं म्हनली. बोट बुडली आसं बी एक जन म्हनला. मंग ल्योक कुटनं झाला? किती मोठा हाय?”

“चाळीस वरसांचा, आसं भावजी म्हनत व्हते.”

“चाळीस.” तानाबाई बोटांची पेरं मोजू लागली आणि मधेच हिशेब चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. “चाळीस वरसामागं तर आमी दर्भाचं केलं.”

“व्हय.”

“मंग त्यो मेलाच न्हवता?”

पत्रात भिमाजी कधी वारले ते लिहिलेलं नव्हतं, आणि घरातल्या कुणालाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं. लांबून एस्टीचा भोंगा ऐकू आला.

“चला आत्याबाई, गाडी चुकंल.”

“चुकू दे.” तानाबाई उठली आणि गावाकडं तोंड करून उभी राहिली. “मला कायबी नको शालन. त्याचा तांब्याचा पैसा नको, त्याचं त्वांड बी नको. मी नक्की कवा रंडकी झाले, येवढं मला कळाया पायजेल. बास.”

शालनबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं. घरी गेल्यावर नवरा काय म्हणेल, सासरा काय म्हणेल, हे तिनं सगळं मनात आणून बघितलं आणि सोडून दिलं. तिकडे बन्सी मात्र नाशिक फाट्यावर दुपारपर्यंत प्रत्येक एस्टीत डोकावत उभा राहणार होता.

*

शाळेच्या पटांगणात सतरंज्या, सतरंज्यांपुढं टेबल, टेबलावर गुलाबी कागद चिकटवलेला तांब्या. मंडळाची मोटार दहाला आली. त्याच्या आधी अर्धा तास चाकणच्या चौकीचे खरे रायटर हवालदार चिमाजी कडक इस्त्रीत येऊन पहिल्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्यापर्यंत बातमी अर्धीच पोचली होती, आणि कापडावरचं लिखाण वाचून तर ते फारच संकोचले होते. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

उद्धवरावांचं लक्ष पाहुण्याच्या चालण्यावर होतं. उंच, काळासावळा, तपकिरी सूट. चालताना डावा खांदा किंचित खाली. हा खांदा त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी गावाच्या वेशीतून बाहेर जाताना बघितला होता. त्यावर घोंगडी होती.

नानासाहेबांनी प्रास्ताविक केलं ते अस्सल पुणेरी. “गेली वीस वर्षे अखंड वाङ्मयसेवा करणारे, सात ग्रंथांचे कर्ते, ज्यांच्या लेखनाची दखल खुद्द विलायतेत घेतली गेली, असे आपले सन्माननीय पाहुणे हे वस्तुतः आपल्याच मातीचे आहेत, ही केवढी अभिमानाची गोष्ट!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिमाजी हवालदारांनी उठून नमस्कार केला, मग बाजूला बघून सावकाश खाली बसले.

फेटा उद्धवरावांनी बांधायचा होता. पाहुणा खुर्चीत बसला, त्यांनी मागं उभं राहून कापडाचा पहिला वेढा घेतला आणि त्यांचे हात थबकले. विरळ झालेल्या केसांत दोन भोवरे होते, एक उजवीकडे आणि एक टाळूच्या मागे. भिमाजीच्या डोक्यात असेच होते. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात, असं म्हणून आई त्याला चिडवायची आणि तो चिडून अंगावर धावायचा. उद्धवरावांना फेट्याचा शेमला कुठं सोडायचा तेच सुचेना. १९१७, त्यांच्या मनात आलं. मी काडी लावली त्याच साली तिकडं हे पोर जन्मलं. कुठला महिना असेल? आधी का मागून?

फेटा जरा वाकडाच बसला.

पाहुणा बोलायला उभा राहिला. तो इंग्रजीत एक वाक्य बोलायचा आणि नानासाहेब त्याचं मराठी करायचे.

“ते म्हणतात, माझे वडील उसाच्या मळ्यावर करारानं गेले. मुंबईला काम मिळाले नाही, कुणाच्या तरी सांगण्यावरून कलकत्त्यास गेले, तेथून बोटीत बसविले. बेट कोणते, किती लांब, काही ठाऊक नव्हते. पुढे लक्षात आले की परतीचा रस्ता आपल्याला कुणी सांगितलेलाच नाही. तेथे बाकीचे लोक उत्तर हिंदुस्थानचे. मराठी बोलणारे एकटे माझे वडील. त्यामुळे ते मराठी बोलतच नसत. मला त्यांनी वारसा म्हणून केवळ अकरा शब्द दिले. ते म्हणतात, मी जे काही लिहिले ते या अकरा शब्दांच्या शोधात लिहिले. आज हा सत्कार आपण माझा करीत आहात, परंतु मी आलो आहे तो हे शब्द बरोबर आहेत की नाहीत, हे तपासून घेण्यासाठी.”

पाहुण्यानं खिशातून लहान वही काढली. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो एकेक शब्द म्हणू लागला.

“पानी.”

“हाय!” पटांगण ओरडलं.

“भाकर.”

“हाय!”

मीठ, बैल, खुरपं, आय, कांदा, गप. प्रत्येक शब्दाला लोक ओरडत होते आणि पाहुण्याचा चेहरा उजळत होता. ‘चाकन’ला तर फेटे उडाले. दहावा शब्द म्हणण्याआधी त्यानं सांगितलं की, समुद्रावर सूर्य बुडताना किंवा असं काही सुंदर दिसलं की वडील हे म्हणत. मग छाती भरून तो म्हणाला, “आयला!”

बाया तोंडाला पदर लावून आणि गडी मांड्यांवर थापा मारून हसले. ज्योतीराम मास्तर लाल झाले. नानासाहेबांनी भाषांतर टाळलं. एकटे उद्धवराव हसले नाहीत, कारण हुबेहूब तो आवाज त्यांच्या कानात होता.

“आणि आता अकरावा,” नानासाहेब सांगू लागले. “ते म्हणतात, हा सर्वांत महत्त्वाचा. वडील रोज दिवस मावळता मळ्यावरून परत येत. दाराशी थांबत. चौकटीला हात लावून हा शब्द उच्चारीत आणि मगच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीत. एक दिवस चुकला नाही. मला वाटे, हा तुमच्या भाषेतला शांतीचा शब्द असावा, घरात शिरताना म्हणावयाचा. माझ्या पहिल्या पुस्तकाला मी तेच नाव दिले. वडिलांना वाचता येत नसे. मी त्यांना नाव सांगितले तेव्हा ते उठून परसात गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. मला वाटले, त्यांना पुस्तक आवडले नाही. आज आमच्या बेटावर, हे पुस्तक वाचलेले लोक, एकमेकांच्या घरात शिरताना हा शब्द म्हणतात.”

पाहुण्यानं वही मिटली. या शब्दासाठी त्याला वही लागत नव्हती.

“तानी,” तो म्हणाला.

या वेळी पटांगण ओरडलं नाही. गड्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळेच खाली सतरंजीकडे बघू लागले.

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “तानी... तानी. मोठा विलक्षण शब्द आहे. ‘तन्’ म्हणजे विस्तारणे, या धातूपासून निघाला असावा. किंवा विणकामातील ताणा... ग्रामस्थांपैकी कुणास काही ठाऊक आहे काय?”

बबनराव चटकन उठले. सकाळपासून त्यांना भीती होती ती हिश्शाची. पाहुण्यानं जमिनीचं नावही काढलं नव्हतं, त्यामुळे ते जरा खजील झाले होते, आणि खजील माणूस मदतीला फार लवकर धावतो. “व्हय, व्हय,” ते म्हणाले. “जुना सबूद हाय तो. घरात शिरताना म्हनत्यात. आमच्याकडं म्हातारी मानसं अजून म्हनत्यात.”

नानासाहेबांनी ते पाहुण्याला सांगितलं. पाहुण्याचे डोळे भरून आले. त्यानं बबनरावांचे दोन्ही हात धरले आणि वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

सगळं छान मिटलं होतं. आता नारळ आणि चहा, मग मोटार पुण्याला. उद्धवरावांना कळत होतं की गप्प बसलं की झालं. चाळीस वर्षं जे झाकलं ते असंच झाकलेलं राहील, आणि पोरगा सुखानं परत जाईल. पण तो वहीत लिहीत होता. बापानं रोज उंबऱ्यावर घेतलेलं नाव हा पोरगा चुकीच्या अर्थानं लिहून नेणार होता. मेलेल्या भावाला दरसाल पाणी पाजलं ते खोटं निघालं होतं. आता हेही खोटंच लिहून द्यायचं?

“बबन, खाली बस,” ते म्हणाले.

“आबा...”

“खाली बस म्हनतो न्हवं! नानासायब, त्याला म्हनावं लिवू नको. त्यो सबूद न्हाई.”

“मग काय आहे?”

“मानूस हाय,” उद्धवराव म्हणाले. “माजी वैनी हाय. त्याच्या बापाची लगीन केल्याली बायकू. तानी म्हनायची तिला समदी. आनि तिच्या बांगड्या मी फोडायला लावल्या, तुजा बाप जित्ता आसताना.”

नानासाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या मोठ्या व्यासंगात याचं इंग्रजी त्यांना पटकन सापडेना. पाहुणा एकदा त्यांच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघत विचारत होता की काय झालं, शब्द चुकला का?

*

तानाबाई शाळेच्या भिंतीआड उभी होती. शालनबाईनं तिचा दंड धरला होता, पण आता तिनं तो सोडवून घेतला.

भिंतीआडून तिनं सगळं ऐकलं होतं आणि निम्मंच कळलं होतं. तो परका माणूस तिचं नाव का घेतो, हे आधी तिला कळलंच नाही. हल्ली तिला तानी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती आत्याबाई होती, वैनी होती, थोरली होती. नवऱ्यानं तर हाक कधी मारलीच नव्हती. तेव्हा तशी रीतच नव्हती, खाकरलं की समजायचं. एकदाच त्यानं नाव घेतलं होतं. लग्न करून आले त्या संध्याकाळी नणंदांनी दार अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. तो लाजेनं मेला. चौकटीला हात धरून पुटपुटला, तर बाया म्हणाल्या, ऐकू नाही आलं, परत. तीनदा घ्यायला लावलं. ती अकरा-बारा वर्षांची, मुंडावळ्यांतून त्याच्या हाताकडे बघत होती.

ती पटांगणात आली तेव्हा लोकांनी वाट दिली. टेबलापाशी येऊन ती थांबली. पाहुण्याकडे बघण्याआधी तिनं नानासाहेबांना विचारलं, “त्याला इचारा, त्याचा बा कवा गेला.”

नानासाहेबांनी विचारलं. “एकेचाळीस साली,” ते म्हणाले. “सन एकोणीसशे एकेचाळीस.”

“मला सनं कळत न्हाईत. शालन, तवा आपल्याकडं काय व्हतं?”

“बन्सी शाळंत जात व्हता, आत्याबाई. बारा वरसांचा व्हता.”

तानाबाईनं बोटं मोजली. या वेळी चुकली नाही. “दर्भाचं जाळलं तवा बबन रांगून नुकता उभा ऱ्हायला व्हता. तिथनं बारा वरसांनी बन्सी झाला. मंजी चोवीस वरसं.” ती उद्धवरावांकडे वळली. “भावजी, चोवीस वरसं मी सवाशीन व्हते. बन्सीच्या बारशाला मला कोपऱ्यात बसवली. ह्या बबनच्या लग्नात हळदीच्या वाटीला माजा पदर लागला म्हनून तुमच्या आईनं वाटी वतून दिली, दुसरी कालवली. भर मांडवात. का वतली? त्यो तर जित्ता व्हता. तिकडं रोज दारात माजं नाव घेत व्हता.”

“वैनी, मला काय ठावं...” उद्धवराव खुर्चीची पाठ धरून उभे होते. “मी काय करू आता? पाया पडू?”

“पाया पडून ती हळद येनार हाय का?”

ज्योतीराम मास्तर चिमाजी हवालदारांकडे बघू लागले, जणू सरकारात याची काही नोंद करून घेता येईल. हवालदारांनी आपली डायरी मिटून मांडीखाली घातली.

तानाबाईनं आता कुठं पाहुण्याकडे बघितलं. नानासाहेबांनी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो वाकडा फेटा हातात घेऊन उभा होता आणि त्याला तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. तो काहीतरी हळू म्हणाला.

“ते क्षमा मागतात,” नानासाहेब म्हणाले. “म्हणतात, आपले नाव मी विचारल्याशिवाय पुस्तकाला दिले. आणि आता माझ्याकडे दहाच शब्द उरले.”

“त्याला म्हनावं, ऱ्हाऊ दे की त्याच्याकडं,” तानाबाई म्हणाली. “नाव माजं, पर वापरलं दुसऱ्यांनीच.” मग तिला पुढचं सुचेना. राग होता तो त्याच्यावर नव्हता, आणि ज्याच्यावर होता तो सोळा वर्षांपूर्वी कुठल्याशा बेटावर जळून गेला होता का पुरला होता, तेही विचारायचं राहिलं होतं. रोज नाव घेणाऱ्या माणसावर रागवावं तरी कसं, आणि परत न आलेल्यावर रागवायचं नाही तर काय करायचं? त्या पोराचा डावा खांदा खाली होता. “जेवला का न्हाई त्यो सकाळधरनं?” तिनं विचारलं.

*

सत्काराचं जेवण मास्तरांच्या घरी ठरलं होतं, ते राहिलं. सगळी वरात येळवंड्यांच्या दारात आली. शालनबाईनं औक्षणाचं ताट केलं, निरांजन लावलं, आणि उंबऱ्याशी येऊन ताट तानाबाईपुढं धरलं.

“शालन!” बबनराव दबक्या आवाजात म्हणाले. “अगं, तुजं काम हाय ते. थोरल्या आईनं कसं ओवाळायचं? गाव बगतंय.”

“गावानंच फोडल्या व्हत्या बांगड्या,” शालनबाई म्हणाली. “बगू द्या.”

बबनरावांनी वडिलांकडे बघितलं. ते आपल्या बाजूनं बोलतील अशी त्यांची खात्री होती. उद्धवराव ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते.

“वैनीच ओवाळंल,” ते म्हणाले. “ह्या घरात तिच्याएवढा हक्क कुनाचाबी न्हाई.”

तानाबाई ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली. ज्योत हलत होती म्हणून तिनं एक हात आड धरला. बाहेर पाहुणा बूट काढून मोज्यांवर उभा होता. आत जायचं की थांबायचं, कुंकू कपाळाला लावतात की हाताला, त्याला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, आणि नानासाहेब मागं गर्दीत अडकले होते. त्याला वाट दाखवायला कुणी नव्हतं. घरात शिरायची त्याला एकच रीत माहीत होती.

त्यानं उजवा हात चौकटीवर ठेवला.

“तानी,” तो म्हणाला.

“ओ,” म्हातारी म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.